मामांच्या चुका वयाच्या खात्यावर टाकण्याआधी

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेल-चादरींचा कारखाना आहे. वडिलांनी उभा केला, गेली काही वर्षं मी बघतो. माझं वय ३४. आमच्याकडे एक जॉबर (माग दुरुस्त करून चालते ठेवणारे कारागीर) आहेत, वय ६३. सगळे त्यांना मामाच म्हणतात. ३७ वर्षं आमच्याकडेच आहेत. साध्या मागांवर त्यांचा हात कुणी धरू शकत नाही. पोरं तासभर झटतात तो बिघाड मामा धोट्याच्या पेटीला हात लावून सांगतात. पण दीड वर्षापूर्वी आम्ही आठ रॅपियर (बिनधोट्याचे, नवे) माग घेतले, ऑर्डरी टॅबवर टाकायला लागलो आणि तेव्हापासून चुका वाढल्या. काळ्या सुताच्या जागी नेव्ही ब्लू कोन लावले, साठ डझन टॉवेल परत आले. सांगितलेलं लक्षात राहत नाही. टॅब कितीदा शिकवला, हात लावत नाहीत. आणि गेल्या महिन्यात एकदा दुपारी जेकार्डपाशी (मागावरच्या नक्षीच्या यंत्रापाशी) चार-पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिले, हाक मारली तर भलतंच काहीतरी बोलले. मामी मागच्या वर्षी गेल्या. विडी घरकुल वसाहतीत एकटेच राहतात, डबा लावलाय. दहा वर्षांपासून शुगर आहे. धाकटा भाऊ म्हणतो, त्यांचं डोकं चालत नाही, काढून टाक. वडील म्हणतात, मला तर काही फरक वाटत नाही, घरचा माणूस आहे, राहू दे. मी काय करू?
— एक कारखानदार, सोलापूर

उत्तर : ठेवायचं की काढायचं, एवढ्यावरच तुम्हा तिघांची चर्चा अडकली आहे. मामांना नेमकं काय होतंय हे मात्र कुणीच विचारलेलं दिसत नाही. तुमच्या पत्रात चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत. त्या चारही तुम्ही ‘वय झालं’ या एकाच खात्यावर टाकल्या आहेत. मला त्या चार ठिकाणच्या वाटतात. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान करणार नाही. पण डॉक्टरांकडे जाताना काय काय सांगायचं आणि कारखान्यात आजपासून काय बदलायचं, एवढं नक्की सांगू शकतो.

पत्रात शेवटी लिहिलेली गोष्ट आधी घेऊ, कारण ती थांबू शकत नाही. मामा दुपारी जेकार्डपाशी उभे होते, ते किती वाजता? जेवणाच्या आधी की नंतर? त्या दिवशी डबा उशिरा आला होता का? अंगाला घाम होता, हात थरथरत होते? शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की गोळी पोटात गेली आणि जेवण लांबलं, तर रक्तातली साखर खाली येते. ग्लिमेपिराइड हे त्यातलं नेहमीचं नाव. दोन औषधं एकत्र असलेल्या कितीतरी गोळ्यांमध्ये ते असतं. साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजायची, आणि त्याहून बरीच घसरली की माणूस गोंधळतो, भलतंच बोलतो, डोळे उघडे असून समोर नसल्यासारखा वागतो. थोड्या वेळानं काहीतरी खाल्लं की ठीक होतो आणि काय झालं ते त्याला आठवत नाही. एकटा राहणारा, बाहेरच्या डब्यावर जेवणारा, सकाळी गोळी घेऊन कामाला येणारा ६३ वर्षांचा माणूस. या माणसाच्या बाबतीत मला सगळ्यात आधी हीच शंका येते.

साखर मोजायचं छोटं यंत्र कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतं. एक आणून ऑफिसच्या कपाटात ठेवा. पुन्हा असं झालं तर लगेच मोजा. साखर कमी असेल, माणूस शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

कारण साखरेचं नसेल तर दुसरी शक्यता अधिक गंभीर आहे. मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटांपुरता अडला की असंच होतं: बोलणं अडखळतं, तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसतं, एक हात लुळा पडतो आणि मग सगळं पूर्ववत होतं. पूर्ववत झालं म्हणून आपण सोडून देतो, पण पुढच्या मोठ्या झटक्याची ती आगाऊ सूचना असू शकते. असं काही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, उद्यावर टाकायचं नाही. आकडीचाही एक प्रकार असा असतो, ज्यात माणूस पडत नाही, नुसता थिजतो. यातलं काय आहे ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही या आठवड्यात त्यांना घेऊन जा आणि तो प्रसंग स्वतः सांगा. मामा एकटे गेले तर ‘मला काही होत नाही’ म्हणून गोळ्या घेऊन परत येतील.

तोवर चालू मशीनवर, इलेक्ट्रिक पॅनलपाशी, शिडीवर आणि रात्रपाळीत मामांना एकटं ठेवू नका. इथे कुठलीही भीड धरू नका. वय वाढतं तशी हात मागे घ्यायची चपळाई कमी होते. वयस्क कामगार जपून काम करतात, त्यामुळे त्यांना अपघात कमी होतात. पण झाला तर तो जास्त लागतो आणि हाड जुळायला वेळ घेतं.

आता काळा आणि नेव्ही ब्लू. हे वाचून मला खरं तर हसू आलं. ही चूक विसरण्याची नाहीच, ही पाहण्याची आहे. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. पिवळ्या काचेतून निळा रंग मरतो. गडद निळा काळा दिसतो, निळा-हिरवा एकमेकांत मिसळतात. त्यातच मोतीबिंदूची सुरुवात असेल तर विचारायलाच नको. शुगरमुळे डोळ्यांच्या पडद्यालाही धक्का पोचतो आणि तिथेही पहिला फटका अनेकदा निळ्या-पिवळ्याच्या भेदालाच बसतो. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानानं साधारण तिसरा हिस्सा उजेड पोचतो असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. म्हणजे तुमच्या शेडमध्ये जो उजेड तुम्हाला पुरेसा वाटतो, तो मामांसाठी संध्याकाळ आहे.

तुम्ही स्वतः एक करून बघा. सुताच्या रॅकवर कोन कसे ठेवलेत? काळा आणि नेव्ही शेजारी शेजारी? कोनवरचा रंगाचा नंबर केवढ्या अक्षरात आहे? डाइंगवाल्याची ती बारीक निळ्या शाईतली चिठ्ठी आतल्या बाजूला चिकटवलेली असते, ती मलाही वाचता येत नाही. रॅकवर पांढऱ्या उजेडाची ट्यूब लावा, पिवळा दिवा काढा. प्रत्येक रंगाला मोठा आकडा द्या आणि दोन गडद रंग लांब लांब ठेवा. आणि लॉट चालू करण्याआधी आकडा मोठ्यानं वाचायचा नियम सगळ्यांना लावा, फक्त मामांना नाही. साठ डझन टॉवेल परत येण्यात तुमच्या रॅकचाही वाटा आहे.

मामांचे डोळे तपासून घ्या: चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू आणि शुगरसाठी पडद्याची तपासणी, तिन्ही. मोतीबिंदूचं ऑपरेशन सिव्हिलमध्ये मोफत होतं. ते झाल्यावर निळा रंग परत दिसायला लागला म्हणून चकित झालेली माणसं तुम्हाला सोलापुरात गल्लोगल्ली भेटतील.

तिसरी तक्रार: सांगितलेलं लक्षात राहत नाही. तुम्ही सांगता कुठे? शेडमध्ये, माग चालू असताना, चालता चालता? मग ते मामांच्या डोक्यापर्यंत पोचलं तरी का, हे आधी बघायला हवं. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबलची मर्यादा नियमांत आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या किती कारखान्यांत ती पाळली जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कानात बोळे घालणारा कामगार मी क्वचितच पाहिलाय. अशा आवाजात ३७ वर्षं काढलेल्या माणसाच्या कानाचा आधी जातो तो बारीक, उंच पट्टीचा भाग. स, श, फ, त, क ही अक्षरं तिथेच राहतात. त्यामुळे आवाज ऐकू येतो, शब्द सुटा होत नाही. ‘साठ कोन चढवा’ म्हटलं की ‘आठ’ ऐकू येतं. ‘सातव्या मागाचं बीम’ (ताण्याच्या सुताचा रूळ) म्हटलं की सातवा की आठवा, हा अंदाजाचा मामला होतो. मामा ‘हो हो’ म्हणतात, कारण मालकाला तिसऱ्यांदा ‘काय?’ विचारायला जिवावर येतं. मग आठ कोन चढतात आणि तुम्ही म्हणता, विसरले.

यात आणखी एक छुपा खर्च आहे. अर्धवट ऐकू आलेलं वाक्य जुळवण्यात मेंदूची इतकी शक्ती जाते की ते साठवायला काही उरत नाही. दिवसभर असं केलं की संध्याकाळी माणूस थकून गप्प बसतो आणि लोक म्हणतात, हल्ली कुणात मिसळत नाहीत. स्मृतिभ्रंशाची जी कारणं टाळता येण्यासारखी आहेत, त्यांची यादी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीनं २०२४ मध्ये सुधारून दिली. एकूण १४ कारणं आहेत आणि ती सगळी आयुष्यभर सांभाळली तर जगातले जवळपास ४५ टक्के रुग्ण टळतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा अंदाज. त्या यादीत बहिरेपण आहे, शुगर आहे, ब्लड प्रेशर आहे, नैराश्य आहे, दृष्टी अधू होणं आहे, एकटेपण आहे. मामांचं नाव न घेता मामांचीच कुंडली मांडल्यासारखं वाटतं. कानाची तपासणी करून घ्या. लागलंच तर श्रवणयंत्र, आणि तोवर सूचना ऑफिसात, दार लावून, समोरासमोर द्या आणि एका पाटीवर लिहून ठेवा.

टॅबचं दुखणं वेगळं आहे. सोलापुरातल्या अनेक विणकरांसारखे मामा घरी तेलुगू बोलतात असं धरून चालतो, मराठी वाचतात, आणि तुमच्या टॅबवरचं ॲप इंग्रजीत आहे. बरोबर? शिकवलं कुणी? धाकट्या भावानं, की कामावरच्या वीस-बावीस वर्षांच्या पोरानं? पटापट बोटं फिरवून ‘असं, असं, मग असं, सोप्पंय मामा’, आणि चार जण हसत उभे. ज्या माणसाकडून त्याच पोरांनी धोटा धरायला शिकलं, तो माणूस त्यांच्यासमोर चुकायला तयार होईल का? मी तरी झालो नसतो.

वयामुळे काय घसरतं आणि काय घसरत नाही, हे इथे नीट सांगायला हवं, कारण तुमच्या भावाचा सगळा हिशेब इथेच चुकतोय. नवी गोष्ट झटकन पकडणं, दोन कामांवर एकाच वेळी लक्ष ठेवणं, एक काम सोडून दुसऱ्यावर उडी मारणं, हे वयाबरोबर मंदावतं. त्याची सुरुवात साठीत होते असं समजू नका. मेंदूचा वेग विशी-तिशीतच हळूहळू उतरायला लागतो. म्हणजे तुमचाही उतरायला लागलाय, फक्त अजून कुणी बोलून दाखवलेलं नाही. याच्या उलट अनेक वर्षांच्या कामातून साठलेली जाण, शब्दसंपत्ती, माणसं आणि वस्तू ओळखण्याची हातोटी साठीपर्यंत टिकते, बरेचदा वाढते. रेमंड कॅटेल या मानसशास्त्रज्ञानं बुद्धीचे हे दोन भाग वेगळे करून दाखवले त्याला आता साठ वर्षं होऊन गेली.

कामात या दोन्हींची गाठ कशी पडते याचं एक छान उदाहरण टायपिस्टांचं आहे. टिमथी सॉल्टहाउस या संशोधकानं १९८४ मध्ये १९ ते ७२ वर्षांच्या टायपिस्टांची परीक्षा घेतली. दिवा लागला की बटण दाबा, अशा साध्या चाचणीत वयस्क टायपिस्ट मागे पडले. पण प्रत्यक्ष टायपिंगच्या वेगात मागे नव्हते. कारण शोधलं तेव्हा कळलं की ते मजकूर पुढचा पुढचा वाचून ठेवत होते. बोट एका अक्षरावर असताना डोळा तरुणांपेक्षा बराच पुढे गेलेला असे. बोटांचा वेग गेला तो त्यांनी नजरेनं भरून काढला. तुमचे मामा धोट्याच्या पेटीला हात लावून बिघाड सांगतात, ते याच जातीचं आहे. माग अडण्याआधी त्यांना त्याची चाल बिघडल्याचं कळतं.

पण हे सगळं जुन्या मागावर. रॅपियर आला, पेन ड्राइव्हवर डिझाइन आलं, आणि हाताखाली साठलेल्या त्या ज्ञानाचा मोठा भाग एका दिवसात निरुपयोगी झाला. उरलं काय, तर नवीन झटकन शिकणं, म्हणजे नेमकी मामांची पडती बाजू. दीड वर्षापूर्वीपासून चुका वाढल्या असं तुम्हीच लिहिलंय. दीड वर्षापूर्वी मामांचा मेंदू अचानक बदलला असेल त्यापेक्षा त्यांचं काम अचानक बदललं, हे जास्त संभवतं. (मामीही त्याच सुमारास गेल्या, त्याकडे येतो.)

शिकवायचं असेल तर असं शिकवा. सुट्टीच्या दिवशी, शेडमध्ये कुणी नसताना, तुम्ही स्वतः. एका बैठकीत एकच काम: ऑर्डर उघडणं, बस. टॅबवर बोट मामांचं, तुमचं नाही. पायऱ्या त्यांनी त्यांच्या वहीत त्यांच्या अक्षरात लिहायच्या, तेलुगूत लिहिल्या तरी चालतील. दुसऱ्या दिवशी तेच, पुढचं नाही. तरुण पोरापेक्षा वेळ नक्की जास्त लागेल. पण एकदा हाताला बसलं की वयस्क माणूस पायऱ्या गाळत नाही, उलट पोरंच गाळतात. आणि महिनाभर नीट शिकवूनही टॅब जमला नाही, तर टॅब सोडून द्या. ऑर्डरचा कागद छापून मागाला लटकवायला तुमच्या प्रिंटरला काय त्रास आहे? जॉबरचं काम माग चालता ठेवणं आहे, टॅब चालवणं नाही.

भावाला हेही सांगा. जर्मनीतल्या एका ट्रक जुळणीच्या कारखान्यात बर्श-सुपान आणि वाइस या अर्थतज्ज्ञांनी चार वर्षांच्या चुकांच्या नोंदी तपासल्या. २०१६ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. वयस्क कामगारांच्या किरकोळ चुका किंचित जास्त निघाल्या. पण मोठ्या, महागात पडणाऱ्या चुका ते क्वचित करत. एकूण उत्पादकता साठीपर्यंत घसरलेली दिसली नाही. मामा साठीच्या पुढे आहेत आणि तुमचा कारखाना जर्मनीत नाही, हे मान्य. पण यातून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे: चुका मोजायच्या तर किती झाल्या एवढंच न बघता कुठल्या झाल्या, केव्हा झाल्या, केवढ्याच्या झाल्या हे लिहायचं. पुढचे दोन महिने तुमच्या शेडमधल्या प्रत्येकाच्या चुका एका वहीत लिहा. भावाच्याही लिहा. मग बोलू.

आता मामी. जोडीदार गेल्यावर पुरुष माणूस रडत नाही, ‘बरं आहे’ म्हणतो आणि आतून विझत जातो. झोप तुटते, जेवण कमी होतं, कशात लक्ष लागत नाही, सांगितलेलं राहत नाही. वयस्क माणसाचं नैराश्य स्मृतिभ्रंशासारखं इतकं हुबेहूब दिसतं की डॉक्टरही आधी ते तपासून मगच पुढे जातात. ते बरं होतं, औषधानं आणि बोलण्यानं. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, सरकारी मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. पण मामा फोन करणार नाहीत, हे मलाही कळतं. आधी तुम्ही एका रविवारी विडी घरकुलात त्यांच्या घरी जा. घर कसं आहे, गोळ्यांच्या पट्ट्या कशा पडल्यात, गॅसवर काय करपलंय, हे बघून तुम्हाला बरंच कळेल. झोपेची गोळी किंवा सर्दी-खोकल्याचं गुंगी आणणारं औषध कुणाच्या सांगण्यावरून रोज घेतात का, तेही बघा. वयस्क माणसाचं डोकं जड करण्यात या औषधांचा हात मोठा असतो.

डॉक्टरांकडे नेल्यावर पुढच्या तपासण्या विचारा: बी-१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन, तीन महिन्यांच्या सरासरीची शुगर, सोडियम, किडनी, बीपी. शुगरसाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ खाली येऊ शकतं, आणि बी-१२ खाली आलं की विसराळूपणा, हातापायाला मुंग्या आणि तोल जाणं सुरू होतं. काही इंजेक्शनांत सुधारणाऱ्या गोष्टीसाठी माणसाला ‘डोकं गेलं’ म्हणून घरी बसवलं, असं आपल्याकडे रोज होतं. याच्यानंतर मेंदूविकारतज्ज्ञ. खर्चाची अडचण असेल तर ईएसआय (कामगार विम्याचं हॉस्पिटल) किंवा सिव्हिल आहेच.

साधं वयाचं विसरणं आणि आजाराचं विसरणं यात फरक काय? नाव ओठांवर येऊन अडकलं आणि संध्याकाळी आठवलं, हे वयाचं. चष्मा कुठे ठेवला, हे कुणालाही होतं. पण रोजच्या रस्त्यानं येताना अशोक चौकात उभं राहून आता कुठे वळायचं ते न कळणं, दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारणं, पगाराचे पैसे मोजताना पहिल्यांदाच गोंधळणं, स्वभाव एकदम संशयी किंवा चिडका होणं, आणि तीस वर्षं डोळे मिटून केलेल्या कामाच्या पायऱ्या उलट्यापालट्या होणं, हे वयाच्या नावावर खपवायचं नाही. म्हणून मला मामांच्या टॅबपेक्षा त्यांच्या धोट्याची जास्त काळजी आहे. जुन्या मागावरचा हात शाबूत आहे असं तुम्ही लिहिता, ही चांगली खूण आहे. तो हात चुकायला लागला तर ताबडतोब तज्ज्ञाकडे. आणि बदल काही दिवसांत झाला असेल तर तो सहसा स्मृतिभ्रंश नसतो. तिथे जंतुसंसर्ग, सोडियम, साखर किंवा झटका असतो आणि तिथे तातडी असते.

स्मृतिभ्रंश निघेल का? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशपातळीवरच्या पाहणीत ६० वर्षांच्या वरच्या भारतीयांत त्याचं प्रमाण साधारण ७.४ टक्के निघालं. म्हणजे शक्यता आहे, पण बाकीच्या कारणांपेक्षा खूप मागे.

तुमच्या वडिलांच्या ‘राहू दे’बद्दल थोडं कडक बोलतो, त्यांनी रागावू नये. घरचा माणूस म्हणून ठेवायचं, दाराशी स्टुलावर बसवायचं, चुका पोरांनी गुपचूप निस्तरायच्या आणि कुणी काही बोलायचं नाही. याला आपण माणुसकी म्हणतो. यात मामांचे डोळे, कान, साखर काहीच तपासलं जात नाही, आणि ज्या दिवशी रॅपियरमध्ये बोट जाईल त्या दिवशी सगळे म्हणणार, वय झालं होतं. भावाचं ‘काढून टाक’ तरी उघड आहे.

बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडणार तिथेच. पगाराच्या दिवशी नको, शेडमध्ये नको, भावासमोर तर नकोच. त्या रविवारी घरी जाल तेव्हाच बोला. ‘मामा, तुम्ही विसरता’ असं सुरू केलंत की संपलं. असं म्हणून बघा: ‘मामा, त्या दिवशी तुम्ही जेकार्डपाशी थांबलात ना, मी घाबरलो. मला तुमची गरज आहे. या बुधवारी आपण दोघं डॉक्टरांकडे जाऊ, गाडी मी आणतो.’ ते म्हणतील, काही झालेलं नाही. वाद घालू नका. ‘झालेलं नसेल तर उत्तमच, पण मी अर्धा दिवस सुट्टी टाकलीय’ म्हणा. मालकानं अर्धा दिवस टाकलाय म्हटल्यावर मामा उठतील. आणि त्या अर्ध्या दिवसाचा त्यांचा पगार कापू नका, हे सांगायची गरज नसावी.

तपासण्यांत बरं काही निघालं, म्हणजे दुरुस्त होण्यासारखं, तर काम नव्यानं वाटा. जुने माग मामांकडे, रॅपियर तरुण जॉबरकडे, आणि रोज एक तास एक पोरगा मामांच्या हाताखाली, आवाज ऐकून आणि हात लावून बिघाड ओळखायला शिकण्यासाठी. ते ज्ञान तुमच्याकडे कुठेही लिहिलेलं नाही. शेडही थोडी बदला. बीएमडब्ल्यूनं २००७ मध्ये जर्मनीतल्या डिंगोल्फिंगच्या कारखान्यात एका लाइनवर मुद्दाम वयस्क कामगार नेमले, सरासरी वय ४७, आणि त्यांनाच विचारून सत्तरेक बारीक बदल केले: पायाखाली लाकडी फळ्या, बसायला खुर्च्या, पडद्यावर मोठी अक्षरं, जागोजागी भिंग. लाइनचं उत्पादन ७ टक्क्यांनी वाढलं. तुम्हाला सत्तर बदल नकोत. उजेड, मोठे आकडे, एक स्टूल, वेळेवर जेवण, एवढ्यानं भागेल. आणि मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बारा ते चारच्या मध्ये अवघड बीम चढवायचं काम कुणालाच देऊ नका. बाहेर ४३-४४ असताना आत काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. अंगातलं पाणी कमी झालं की तरुणाचंही लक्ष उडतं. वयस्क माणसाला मुळात तहानच कमी लागते.

आणि वाईट निघालं तर? मग मामांना सन्मानानं, पण खरोखर थांबवा. ग्रॅच्युइटी हा त्यांचा हक्क आहे, तुमच्या मर्जीचा भाग नाही. शेवटचा मासिक पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,००० धरला तर ३७ वर्षांचे सुमारे ३ लाख ८४ हजार होतात. ही रक्कम आज काढून बघा आणि बाजूला टाकायला लागा, म्हणजे वेळ आली तेव्हा ‘सध्या जरा अडचण आहे’ म्हणावं लागणार नाही. पीएफ भरत असाल तर पेन्शन ५८ व्या वर्षापासून मिळते. मामांनी अर्ज केलाय का, की कागद तुमच्याच कपाटात आहेत, ते बघा. बँकेत वारस लावलाय का, तेही. आजार पुढे गेल्यावर सही घेणं अवघड होतं.

कानाच्या तपासणीला जाल तेव्हा वडिलांनाही गाडीत घ्या. त्यांनीही आयुष्य त्याच शेडमध्ये काढलंय, आणि मामांमध्ये आपल्याला काही फरक वाटत नाही असं ते म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकं किती ऐकू येतं हेही एकदा बघून घेतलेलं बरं.